कणकेतली मूठ

कांदा निघायला लागला की मला बांगड्या काढाव्याशा वाटतात. हे असं उघड बोलले तर माझी आई देव पाण्यात घालून बसेल, म्हणून मी कुणाजवळ बोलत नाही. पण चैत्र लागतो, बेलापूरच्या आमच्या रस्त्यानं कांद्याच्या गोण्यांनी लादलेले ट्रॅक्टर डुलत जायला लागतात, वाळल्या पातीचा तो उग्र वास दुपारच्या झळांबरोबर थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो. बांगड्या काढायच्या, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या, पदर खोचायचा, केसांचा अंबाडा घट्ट बांधायचा आणि शेडमध्ये जायचं. तशी मी आजही मशीनवर रोज उभी राहते, त्यात नवल काही उरलेलं नाही, आता मनगटात नुसतं रबरी कडं असतं तेही काढून ठेवते. पण त्या एका हंगामात बांगड्या काढताना काचेचा जो आवाज व्हायचा, तो मला अजून हवाय. तो काही परत येत नाही.

आमचं घर सुताराचं. रस्त्याला लागून पत्र्याची शेड आणि शेडच्या मधोमध करवतीचं मशीन. मशीन म्हणजे काय, एक लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून अर्धं वर आलेलं गोल पातं, बाजूला लाकूड टेकवून सरळ सरकवायला एक आडवी पट्टी, तिला आम्ही गाईड म्हणतो. आता या मशीनवर जास्त करून प्लायवूड कापतो, लोकांना किचन ट्रॉल्या लागतात. तेव्हा मात्र फाल्गुन संपत आला की एकच काम असायचं, कांदाचाळीच्या पट्ट्या.

कांदाचाळ ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायला हवं. कांदा हवेला राहिला तर टिकतो, कोंडला की सडतो. म्हणून चाळीच्या भिंती भरीव नसतात, पट्ट्यांच्या असतात, दोन पट्ट्यांमधून वारा जाईल आणि कांदा मात्र बाहेर पडणार नाही एवढीच फट. एका चाळीला ढीगभर पट्ट्या लागतात. पट्टी बारीक, माणसाचा हात मोठा. फळी सरकवत सरकवत शेवटाला आलं की पातं आणि गाईड यांच्यामध्ये हात शिरेल एवढीसुद्धा जागा राहत नाही, आणि घाईत माणूस तिथंच हात घालतो. सगळी गोम त्या शेवटच्या वीतभरात असते.

म्हणून आमच्याकडं रेटणी. दुसऱ्या कारखान्यांत तिला काय म्हणतात मला ठाऊक नाही, काही ठिकाणी नुसतं काठी म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी काहीच म्हणत नाहीत, कारण ती तिथं नसतेच. कोपरापासून मुठीपर्यंत लांब, सागाच्या उरलेल्या तुकड्यातून कापलेली, टोकाला खाच. ती खाच फळीच्या मागच्या कडेला बसवायची आणि शेवटचं अंतर हातानं नाही, तिनं रेटायचं. पात्यानं खाल्लंच तर रेटणीला खाईल. माझे सासरे, आबा, म्हणायचे, "काठी मेली तर दुसरी करू. बोटाचं झाड न्हाई आपल्याकडं."

आबांना सगळा तालुका दहा बोटांचा सुतार म्हणून ओळखायचा. लाकूडकामात हे विशेषण साधं नाही. श्रीरामपूरच्या वखारीतून आम्हाला लाकूड देणारे हमीदभाई तरुणपणी मशीनवर होते, त्यांची डाव्या हाताची दोन बोटं पेराला गेलेली. ते हसून हात वर करायचे आणि म्हणायचे, "आबा, माझा सलाम आठ बोटांचा हाय, चालवून घ्या." जुन्या मिस्त्र्यांत तर उलटीच रीत, बोट गेल्याशिवाय माणूस मुरला असं कुणी मानायचंच नाही. आबांच्या रेटणीला ते हसायचे. म्हातारा झालास काय, काठी कशाला लागती, असं तोंडावर विचारायचे. फारच झालं तर आबा म्हणायचे, "दहा घिऊन आलोय, दहा घिऊनच जाणार." आणि कामाला लागायचे.

पात्यावर लोखंडी झाकण, त्याला आमच्याकडं टोपी म्हणतात. पात्याच्या मागं एक पोलादी पट्टी उभी असते, कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळू नये आणि उलटं फेकलं जाऊन माणसाच्या पोटात बसू नये म्हणून. आबा तिला शेंडी म्हणायचे. हमीदभाईंना यात भारी मजा वाटायची. "आबा, तुमच्या मशीनला टोपी पण अन् शेंडी पण. आख्खं गाव एका टेबलावर बसवलंत की." यावर आबा न चुकता म्हणायचे, "म्हणून तर भांडण न्हाई, हमीदभाई." हा त्यांचा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की हमीदभाईंचा टेम्पो दारात लागला की मी मनातल्या मनात दोघांचीही वाक्यं आधीच म्हणून घ्यायची.

शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिळ्यांची रांग आणि खिळ्यांवर जुन्या रेटण्या. पात्यानं दात मारून मारून त्या निकामी झालेल्या, पण आबा टाकायचे नाहीत. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा वाटलं, काय हा पसारा, एका दिवशी चुलीत घालीन. आबांनी मला भिंतीपाशी नेलं आणि एकेका खुणेवर बोट ठेवून सांगायला लागले. "ही माजी करंगळी. हा अंगठा, गाठीचं लाकूड हुतं. ही हमीदभाई बोलत उभा हुता तवाची, त्याच्याकडं बघाया गेलो." मी त्या दिवसापासून चुलीचं नाव काढलं नाही.

आणि तरीही आमच्या घरात बोटं गेली. आबांची नाहीत, आमच्या ह्यांची. लग्नानंतर यांनी श्रीरामपुरात एका फर्निचरच्या दुकानात काम धरलं होतं, कांद्याच्या हंगामापुरते तेवढे घरच्या मशीनवर यायचे. तिथं टोपी काढून कोपऱ्यात टाकलेली, शेंडीचा पत्ता नाही, रेटणी तर लांबच. यांनी घरून एक नेलीही होती. तिथली माणसं म्हणाली, दत्तू, बापाची काठी आणलीस व्हय रे. दुसऱ्या दिवसापासून ती यांनी पिशवीतून बाहेर काढली नाही. फाल्गुनात, होळी होऊन गेल्यावर, डाव्या हाताची दोन बोटं गेली. रेटणी पिशवीतच होती. दवाखान्यात ती पिशवी माझ्याच मांडीवर होती, आणि मला आतून तिची खाच हाताला लागत होती.

आबा दवाखान्यात आले, पोराचा हात बघितला. घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या रेटण्या खाली काढल्या. मला वाटलं, आता खरंच चुलीत घालतात. त्यांनी एकेक फडक्यानं पुसली आणि परत जागच्या जागी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. दारात उभं राहून म्हणाले, "सुलभा, हंगाम तोंडावर हाय. तीन गावच्या चाळी घेतल्यात. दत्तूचा हात भरूस्तवर मागं कोण उभं ऱ्हाणार? बांगड्या काढ."

तो माझा हंगाम.

आज मागं वळून बघते तर वाटतं, त्या माणसानं केवढं धाडस केलं. पोराच्या हाताची पट्टी अजून सुटलेली नाही आणि सुनेला मशीनवर घेतलं. माझी आई बघायला आली, माझी मोकळी मनगटं पाहिली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. शेजारच्या बायका पाण्याच्या निमित्तानं येऊन डोकावून जायच्या. नवरा हयात असताना बाईचे हात मोकळे, हे कुणाच्या पचनी पडणार. आबा आईला म्हणाले, "विहीनबाई, बांगड्या डब्यात ऱ्हातील, हात हाताला ऱ्हातील. सांजच्याला दोनी भेटतील." संध्याकाळी मी हिरव्या बांगड्या परत चढवल्या तेव्हा आई एकेक मोजून बघत होती.

पण मशीनला हात लावायच्या आधी रेटणी. आबांचा नियमच होता, ज्याची त्यानं करायची. "चप्पल उसनी चालती, रेटणी न्हाई. दुसऱ्याच्या मुठीची काठी ऐन वक्ताला फिरती." त्यासाठी त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या सुताराकडं बघितली नाही. मला म्हणाले, कणीक मळून आण, घट्ट, पुरीला मळतीस तशी. मला वाटलं गडी-माणसाला भूक लागली असेल. मी परातच घेऊन आले. त्यांनी एक लांबट गोळा केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब. भांडण झाल्यावर लाटणं धरतीस तसं." मला हसू आलं. "हसू नको, हसली की मूठ सैल पडती." मी दाबलं. मूठ उघडली तर कणकेत माझी चारी बोटं उमटलेली, अंगठ्याचा खड्डा, तळव्याचा उंचवटा. आपली मूठ अशी दिसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाई जन्मभर मुठी वळते, कणकेच्या, गोवऱ्यांच्या, धुण्याच्या पिळ्यांच्या, पण स्वतःची मूठ कधी बघते?

तो गोळा उन्हात जरा सुकू दिला आणि समोर ठेवून मी सागाच्या तुकड्याला तसा आकार दिला. गाठ नसलेला तुकडा निवडायला शिकले, उभी रेघ सरळ जाणारं लाकूड कसं ओळखायचं ते शिकले, कानशीनं कडा मारायला शिकले. तळव्याला टोचलं की पुन्हा घास, पुन्हा धरून बघ. खाच मात्र त्यांनी पाडली. "पहिली खाच मोठ्यानं पाडायची," म्हणाले. रेटणी झाली तेव्हा कणकेचा गोळा त्यांनी गाईला घातला. तेव्हा आमच्याकडं गाय होती.

फणीसुद्धा त्याच आठवड्यात केली. फळीच्या टोकाला तिरके, बारीक दात पाडायचे, केसांच्या फणीला असतात तसे, आणि ती टेबलाला शिकंज्यानं आवळून टाकायची. लाकूड पुढं जाऊ देते, मागं येऊ देत नाही आणि गाईडला चिकटून ठेवते. मग डावा हात पात्याजवळ न्यायचं कारणच उरत नाही. सासऱ्यांनी सुनेसाठी फणी केली, म्हणून हमीदभाईंनी पुढचे कितीतरी दिवस गावभर करमणूक केली.

पाडव्याच्या दिवशी मशीनची पूजा. हार, हळदकुंकू, आणि आबा दरवर्षी साखरेची गाठी टोपीला घालायचे. त्या दिवशी मशीन बंद. दुसऱ्या दिवशी पहाटेच लाईट आली. तेव्हा लाईट यायची तेव्हा काम, कधी पहाटे तर कधी भर बारा वाजता. मी उत्साहात. नवी रेटणी हातात. खटका दाबला. टोपीवरची गाठी घसरून पात्यावर गेली आणि अशी तडातड साखर उडाली म्हणता, पत्र्यावर, भुशात, आबांच्या मुंडाशावर. मी पुतळ्यासारखी उभी. आबांनी मशीन बंद केलं, दोऱ्याचा गुंता सोडवला, भुशातला एक साखरेचा मणी उचलून फुंकला आणि तोंडात टाकला. "झालं. पात्याचं तोंड गोड झालं. आता बोटं मागायचं न्हाई." पुढं कित्येक दिवस शेडमध्ये मुंग्यांची रांग होती. गाठी आता आम्ही भिंतीच्या खिळ्याला घालतो, पण पाडव्याला एखादी मुंगी दिसली तरी मी हातातलं काम सोडून तिच्याकडं बघत बसते.

मागं उभं राहायचं म्हणजे काय, तर आबा पुढून फळी रेटणार आणि पात्यापलीकडं आलेली पट्टी मी घोडीवर घेणार. घोडी म्हणजे टेबलाच्या उंचीची लाकडी तिकटी. सोपं वाटतं. पण पट्टी यायला लागली की हाताला राहवत नाही, आपण ओढायला जातो. पहिल्या दिवशी मी ओढली तर पट्टी वाकडी गेली आणि पात्याचा आवाज बदलला, चिडल्यासारखा. आबांनी मशीन थांबवलं. रागावले नाहीत. टोपीवरून माझ्याकडं बघून म्हणाले, "ओढू नको, पोरी. लाकूड तुज्याकडंच येतंय. येऊ दे."

किती साधं वाक्य. आणि मला आयुष्यात किती ठिकाणी उपयोगी पडलं, ते सांगत बसले तर हा लेख भलतीकडंच जाईल.

कडुनिंब कापला की भुसा ओठांवर बसायचा आणि दुपारची भाकरी कडू लागायची. सुताराच्या घरी पाडवा वर्षभर असतो, असं आबा म्हणायचे. निलगिरी कापली की डोकं मोकळं व्हायचं. बाभळीचा भुसा तांबूस, घामावर बसला की कुंकू लागल्यासारखं दिसायचं. लाईट गेली की आम्ही घोडीला टेकून बसायचो आणि रस्त्यावरचे कांद्याचे ट्रॅक्टर न मोजता नुसते बघायचो. आमचे हे खाटेवरून, हात गळ्यात अडकवून, आमच्याकडं बघत असायचे. त्यांना काय वाटत असेल ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढं हात भरल्यावर यांनी टेम्पो घेतला, आता लाकूड हेच आणतात, पण मशीनच्या खटक्याला आजतागायत यांनी हात लावलेला नाही.

एक दिवस कापलेल्या लांब पट्ट्या बाहेरच्या थप्पीवर न्यायच्या होत्या. मशीन बंद, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मध्येच आबा थांबले. म्हणाले, "पट्टीतनं कळतंय मला, तुजा हात भ्यालाय." खरंच होतं. सकाळी एक गाठ पात्याला लागून केवढ्यानं आवाज झाला होता आणि तेव्हापासून माझे हात आतून थरथरत होते. मी लपवत होते. त्यांनी पट्टी खाली ठेवली नाही. "थांबू. हात निवू दे." आम्ही तसेच उन्हात उभे राहिलो, दोघं दोन टोकांना. हळूहळू थरथर गेली. मग चालायला लागलो. वडिलांनीसुद्धा मला असं कधी धरून ठेवलं नव्हतं, आणि आबांनी तर हातही लावला नव्हता.

हंगामाचं शेवटचं काम शनिशिंगणापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं, रावसाहेबांची चाळ. रावसाहेब स्वतः आले होते. म्हणाले, "आबा, आमच्याकडं घराला दारं न्हाईत, पन कांदाचाळीची पट्टी कशी बारीक पायजे." आबा म्हणाले, "म्हणून तर तुमच्या गावाला सुतार जगतोय, कांद्यावर." शनिवारी नवीन पातं चढवायचं नाही हा आबांचा नेम, आणि शिंगणापूरच्या कामाला तर तो जास्तच कडक. रविवारी पातं बदललं, आणि आबा जाऊन मागं उभे राहिले. मला कळेना. "बघतीस काय, पुढं ये. रेटणी तुजी हाय ना?" त्या चाळीच्या पट्ट्या मी कापल्या. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा डावीकडं. डोळा गाईडवर, मन शेवटच्या वीतभरावर. पहिल्या पट्टीच्या टोकाशी माझ्या रेटणीला पात्यानं हलकासा दात मारला. आबांनी मागून विचारलं, "कोनतं बोट?" मी म्हणाले, तर्जनी. "ऱ्हाऊ दे खूण," म्हणाले.

ती रेटणी आजही मी वापरते. तिची मूठ काळी झालीय.

आणि आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. दहा बोटं शाबूत, पण दहाही थरथरतात. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग सदऱ्याची बटणं. मग एक दिवस मशीनपाशी गेले, फळी हातात घेतली, ती टेबलावर टकटक करायला लागली, तसे त्यांनीच ती खाली ठेवली. "हात हालला की मशीन बंद" हा नियम त्यांचाच. त्या दिवसानंतर ते शेडमध्ये बाज टाकून बसतात, आवाज ऐकतात. पातं बोथट झालं की माझ्या आधी त्यांना कळतं.

यंदा चैत्रात रावसाहेबांचा फोन आला. चाळ अजून उभी आहे. शेजारच्यांनी लोखंडाच्या चाळी केल्या, जाळ्या लावल्या, पण रावसाहेबांना लाकडाचीच पाहिजे. काही पट्ट्या मोडल्यात, तेवढ्या बदलायच्या. फोन स्पीकरवर होता. रावसाहेब म्हणाले, "आबांच्याच हातच्या पायजेत, बरं का. बाकी कुनाच्या नकोत."

बोलायची पद्धत ती. पण आबा बाजेवरून उठून बसले.

"मी कापतो," म्हणाले. आमचे हे लगेच म्हणाले, अजिबात नाही. आबांनी त्यांच्याकडं, म्हणजे त्यांच्या हाताकडं, बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी नुसतं ताक. मी समजावायला गेले तर लहान पोरासारखं म्हणाले, "एकच चाळ. मग मागनार न्हाई." नाही म्हटलं तर या माणसाकडून जे उरलंय तेही मी काढून घेतलं असं झालं असतं. हो म्हटलं तर ज्या दहा बोटांवर सगळं आयुष्य उभं केलं, ती मी पात्याला दिली असती. दहा घिऊन आलोय, दहा घिऊनच जाणार, हे मला रात्रंदिवस ऐकू यायला लागलं. मला दोन्ही हवं होतं. त्यांनी कापावं हेही, आणि त्यांचे हात पुरे राहावेत हेही.

मग मी कणीक मळली. घट्ट, पुरीला मळते तशी. मला वाटलं होतं, नवीन रेटणी करू, जाड मुठीची, दोन्ही हातांनी धरायची, फण्या दोन लावू, खाली रुळावर सरकणारी गाडी करू, लाकूड त्यात आवळून टाकू. काहीतरी करू. डोक्यात नुसती जुळवाजुळव चाललेली. परात घेऊन त्यांच्या बाजेपाशी बसले, लांबट गोळा केला आणि त्यांच्या हातात दिला.

"आबा, दाबा."

त्यांचे डोळे एकदम हसले. त्यांनी गोळा धरला आणि दाबला. जोर लावला, दात आवळले, मनगटाची शीर वर आली. मग मूठ उघडली. कणकेत बोटं नव्हती. एकेका जागी चार चार खुणा, एकमेकींवर घसरलेल्या, अंगठ्याच्या जागी नुसती लांबडी घळ. त्यांनी गोळा फिरवून बघितला. पुन्हा मळला आणि पुन्हा दाबला. पुन्हा तेच. 

"ही मूठ न्हाई, सुलभा," म्हणाले. "हे पीठ हाय."

गोळा त्यांनी परातीत ठेवला. गाय आता आमच्याकडं नाही, शेजारच्यांकडं आहे. म्हणाले, तिला नेऊन घाल. आणि मी उठत होते तेवढ्यात, "घोडी कुटं ठिवलीस? मागं उभा ऱ्हातो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरून उठून ते मशीनभोवती एक फेरी मारून आले. टोपी हलवून बघितली. शेंडी पात्याच्या रेषेत आहे का, खाली वाकून एक डोळा मिटून बघितलं. फणी जरा सैल होती, मला आवळायला लावली. मग मागं घोडीपाशी जाऊन उभे राहिले, ताठ. मी घोडी पात्यापासून चांगली लांब सरकवली होती, ते त्यांच्या लक्षात आलं. आमचे हे टेम्पोतून लाकूड उतरवून तिथंच थांबले. मी रबरी कडं काढलं, डब्यात ठेवलं, खटका दाबला.

पहिली पट्टी सरकायला लागली. टोक घोडीवर पोचलं मात्र, आबांना राहवलं नाही. दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागले. पात्याचा आवाज बदलला. मी मशीन थांबवलं. टोपीवरून त्यांच्याकडं बघितलं.

"आबा, ओढू नका. तुमच्याकडंच येतंय ते. येऊ द्या."

आबांनी हात सोडले, तळवे धोतराला पुसले, आणि एवढंच म्हणाले, "व्हय. चुकलं." पुढच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी येऊ दिल्या.

काम संपलं. पातं थांबलं. शेवटची पट्टी बाहेर थप्पीवर न्यायची होती. आमचे हे पुढं आले, तर आबा म्हणाले, तू ऱ्हाऊ दे. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. शेडच्या बाहेर ऊन होतं. चार पावलं गेलो असू, आणि पट्टीतून ते माझ्या तळव्यात आलं. बारीक, सारखं, न थांबणारं. मी जागच्या जागी उभी राहिले. तेही राहिले. मी पट्टी खाली ठेवली नाही. निवू दे म्हणाले होते, म्हणून मी वाट बघत राहिले. ते काही निवेना.

"आता हे निवायचं न्हाई गं, पोरी," आबा म्हणाले. "ठिव खाली."

मी म्हणाले, "धरू द्या थोडं."

रस्त्यानं कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला, मागून दुसरा. आम्ही दोघं पट्टी धरून उभे होतो.